गोठणाऱ्या धातूचा हिशेब

निर्णयसागर छापखान्याचे नाव निघाले की जावजी दादाजींनी घडवून घेतलेल्या देवनागरी वळणांचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण ती वळणे कागदावर उतरण्याआधी वितळलेल्या धातूत उतरावी लागत. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात जायचा, मातृकेतले अक्षर भरायचा आणि तिथल्या तिथे गोठायचा. यंत्रे येण्यापूर्वी युरोपात हे काम हाताने चाले. ओतारी एका हातात साचा धरी, दुसऱ्या हातातल्या पळीने रस ओती आणि ओतताक्षणी साच्याला वरच्या बाजूस जोराचा झटका देई. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने १६८३ मध्ये छपाईकलेवरच्या आपल्या पुस्तकात या झटक्याचे बारकाईने वर्णन केले आहे. खिळा इतका लहान असतो की रस मातृकेच्या कोपऱ्यात पोचण्याआधीच थिजू लागतो. झटका चुकला तर अक्षराची टोके बोथट येतात.

मी ओतकामाच्या धंद्यातला अभियंता. साहित्याच्या नियतकालिकात या विषयावर लिहिताना सुरुवात खिळ्यापासून केली, ती केवळ वाचकांच्या सोयीसाठी नाही. जलद ओतकामाचा सगळा प्रश्न त्या झटक्यात आहे. भरणे आणि गोठणे यांची शर्यत लागते, आणि ती डोळ्यांना दिसण्याआधी संपते. मोठ्या ओतीवाला माणूस भट्टीजवळ उभा राहून रंग पाहू शकतो, थांबू शकतो, वरून आणखी रस घालू शकतो. पाव सेकंदात गोठणाऱ्या धातूपुढे त्याला यातले काहीच करता येत नाही. तिथे हिशेब आधी करून ठेवावा लागतो. हा हिशेब माणसाला कसा जमत गेला, याचा इतिहास मला सांगायचा आहे.

या इतिहासाची पहिली पाने फाउंड्रीबाहेर लिहिली गेली. घन पदार्थातून उष्णता कशी वाहते याचे समीकरण जोसेफ फूरिए यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. पण त्यात पदार्थ घन तो घनच राहतो. गोठणाऱ्या पदार्थात एक सीमा असते. अलीकडे घन, पलीकडे द्रव, आणि ही सीमा सतत पुढे सरकत असते. ती कुठे आहे हे कळल्याशिवाय समीकरण सुटत नाही आणि समीकरण सुटल्याशिवाय ती कुठे आहे हे कळत नाही. गाब्रिएल लामे आणि एमिल क्लापेरों या दोन फ्रेंच अभियंत्यांनी १८३१ मध्ये या कोड्याला हात घातला. त्यांच्या डोळ्यांपुढे कारखाना नव्हता, पृथ्वी होती. एके काळी वितळलेल्या पृथ्वीचे कवच किती काळात किती जाड झाले असेल, हा त्यांचा प्रश्न. त्यांना एवढे सापडले की कवचाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पुढे क्योनिग्सबर्गचे फ्रान्त्स नॉयमान यांनी १८६० च्या दशकातल्या आपल्या व्याख्यानांत या प्रश्नाचे नेमके उत्तर दिले. ते छापून यायला मात्र १९०१ उजाडले.

तरीही आज हा प्रश्न ओळखला जातो तो योझेफ स्टेफान यांच्या नावाने. स्टेफान स्लोव्हेन कुटुंबात जन्मले. तरुणपणी त्यांनी आपल्या मातृभाषेत कविता लिहिल्या, आणि पुढे व्हिएन्नात जर्मन भाषेतून पदार्थविज्ञान शिकवले. १८८९ मध्ये त्यांनी ध्रुवीय समुद्रातल्या बर्फावर लिहिले. उत्तरेकडे गेलेल्या मोहिमांतल्या लोकांनी हिवाळाभर बर्फाची जाडी आणि हवेचे तापमान मोजून ठेवले होते. स्टेफान यांनी ते आकडे घेतले आणि आपले गणित त्यांच्याशी ताडून पाहिले. बर्फ वाढतो तसा तोच थंडीच्या आड येतो, म्हणून दुप्पट जाडीला चौपट वेळ लागतो. वहीतल्या गणिताला गलबतावरच्या मोजमापांनी साक्ष दिली. या गोष्टीतला मोजणाऱ्यांचा वाटा मला महत्त्वाचा वाटतो. तो पुढेही दिसेल.

हे चालू असताना गणिताची वाट न पाहता एक माणूस थेट कामाला लागला होता. पोलाद स्वस्त करणाऱ्या पद्धतीमुळे हेन्री बेसेमर सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी १८५७ मध्ये आणखी एक पेटंट घेतले. एकमेकांशेजारी फिरणारे, आतून पाण्याने थंड केलेले दोन रूळ घ्यायचे, त्यांच्या बेचक्यात वितळलेले पोलाद ओतायचे आणि खालून थेट पातळ पत्रा काढायचा. एरवी जाड ठोकळा ओतायचा, पुन्हा तापवायचा आणि पुन्हापुन्हा लाटायचा, असा लांबचा रस्ता. बेसेमर यांना तो सगळा वाचवायचा होता. १८९१ मध्ये, ७८ वर्षांचे असताना, त्यांनी इंग्लंडच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटपुढे पुन्हा हीच कल्पना मांडली. कल्पना बरोबर होती, पण त्या काळच्या कारखान्याच्या आवाक्यात नव्हती.

का नव्हती, हे एका साध्या हिशेबाने दिसते. एक चौरस मीटर क्षेत्राच्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी थराचे वजन साडेसात किलोच्या आसपास भरते. एक किलो पोलाद गोठताना सुमारे २७० किलोज्यूल उष्णता सोडते. म्हणजे त्या थरातून जवळजवळ २० लाख ज्यूल बाहेर काढायला हवेत. रुळाला धातू टेकलेला असतो तो सेकंदाचा पाचवा भाग म्हणू. तेवढ्यात हे काम उरकायचे तर दर चौरस मीटरला १ कोटी वॅटने उष्णता ओढावी लागते. घरातला पाणी तापवायचा गीझर साधारण २ किलोवॅटचा असतो. असे ५,००० गीझर एका चौरस मीटरवर, पण उलट दिशेने चालवल्यासारखे. शिवाय ही ओढ रुळाच्या सगळ्या रुंदीवर सारखी हवी. कुठे थोडी कमी पडली की तिथला पत्रा आतून कच्चा राहतो आणि रुळांतून सुटताच फाटतो.

फाउंड्रीच्या रोजच्या कामात गणित आले ते मात्र संथ ओतकामाच्या वाटेने. पिल्झेनच्या श्कोडा कारखान्यात काम करणाऱ्या निकोलास ख्वोरिनोव्ह यांनी १९४० मध्ये वाळूच्या साच्यातल्या ओतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा नियम कोणत्याही मोल्डरला समजेल इतका सोपा आहे. ओतीच्या घनफळाला तिच्या बाहेरच्या पृष्ठफळाने भागा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा; गोठायला लागणारा वेळ त्या प्रमाणात. १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा आणि १० गुणिले १० गुणिले १ सेंटिमीटरची पाटी घ्या. ठोकळ्याचे घनफळ पाटीच्या दहापट, पण गोठायला त्याला वेळ लागतो १६ पट. यावरून राइझर केवढा ठेवायचा हे ठरवता येऊ लागले. राइझर म्हणजे ओतीच्या वर किंवा बाजूला ठेवलेला रसाचा साठा. ओत गोठताना आक्रसते, तेव्हा तिला रस पुरवायचा असेल तर साठा ओतीनंतर गोठला पाहिजे. आज कोल्हापूरपासून कोइमतूरपर्यंत कुठल्याही फाउंड्रीतला पॅटर्न काढणारा माणूस ख्वोरिनोव्ह यांचे नाव न घेता हा नियम वापरतो.

ख्वोरिनोव्ह यांचा नियम चालतो, कारण वाळू उष्णतेला अडवते. धातू तयार असतो, वाळू सावकाश घेते. म्हणून सगळा वेळ वाळूच्या चालीवर ठरतो. जलद ओतकामात ही अडवणूकच काढून टाकलेली असते. तिथे साचा तांब्याचा किंवा पोलादाचा, आणि धातूचा थर कागदासारखा पातळ. मग वेळ कोण ठरवतो?

या प्रश्नाचे उत्तर सापडले ते एका वेगळ्याच शोधाच्या निमित्ताने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोल ड्युवेझ यांना पाहायचे होते की तांबे आणि चांदी यांचे एकजीव मिश्रण का होत नाही. सावकाश गोठवले की दोन्ही धातू वेगळे होतात. त्यांना वेगळे व्हायला वेळच दिला नाही तर? त्यांनी एक प्रकारची बंदूक तयार केली. वायूच्या धक्क्याने वितळलेला थेंब तांब्याच्या पाटीवर आदळायचा आणि चपटा होऊन तत्क्षणी गोठायचा. तांबे-चांदी एकजीव झाले. मग १९६० मध्ये क्लेमेंट, विलेन्स आणि ड्युवेझ यांनी सोने-सिलिकॉनचा थेंब असाच उडवला. त्यात चार अणूंतले तीन सोन्याचे, एक सिलिकॉनचा. क्ष-किरणांनी पाहिले तर स्फटिकांची रचना दिसेना. अणूंना रांगेत बसायलाही सवड मिळाली नव्हती. धातू काचेसारखा गोठला होता.

या नव्या विद्येचे एक ठाणे आपल्याकडे वाराणसीला होते. बनारस हिंदू विद्यापीठात टी. आर. अनंतरामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जलद गोठवलेल्या धातूंवर काम उभे केले. १९७१ मध्ये अनंतरामन आणि सी. सूर्यनारायण यांनी या विषयातल्या पहिल्या दहा वर्षांच्या कामाचा आढावा ‘जर्नल ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये लिहिला. पुढच्या वर्षांत वितळलेल्या धातूची धार फिरत्या तांब्याच्या चाकावर सोडून मिलिमीटरच्या काही शतांश जाडीची फीत काढायची रीत रुळली. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वापरायची काचरूप लोखंडाची पट्टी अशीच निघते. असाच जलद गोठवलेला ॲल्युमिनियम-मँगनीजचा नमुना पाहताना एप्रिल १९८२ मध्ये दान शेख्तमान यांना ते अर्धस्फटिक दिसले, ज्यांच्यासाठी त्यांना २०११ चे नोबेल मिळाले.

पण थंड होण्याचा वेग किती होता, हे सांगायचे कसे? सेकंदाला दहा लाख अंश हा आकडा या विषयात सर्रास येतो. थेंब इतक्या लवकर गोठतो की त्यात मोजायचे साधन ठेवणे अवघड. म्हणून हा आकडा पुष्कळदा गणिताने काढावा लागतो. १९६७ मध्ये आर. सी. रूल यांनी आपटलेल्या थेंबाचे हे गणित पद्धतशीर मांडले आणि एक गोष्ट स्पष्ट केली. थर पुरेसा पातळ असला तर धातूच्या आत उष्णता किती वेगाने वाहते याला महत्त्व उरत नाही. साच्याची वाहकताही मागे पडते. सगळे ठरते ते धातू आणि साचा जिथे टेकतात तिथे. त्या सांध्यातून दर अंशाच्या फरकाला किती उष्णता पार होते, ही एक संख्या वेळ ठरवते. तिला उष्णता-संक्रमण गुणांक म्हणतात. स्टेफान यांचा वर्गमुळाचा नियमही मग मागे पडतो. थर काळाच्या सरळ प्रमाणात वाढू लागतो, कारण अडथळा वाढत्या थरात नसतो, सांध्यातच असतो.

ही संख्या कुठल्याही मूलभूत नियमातून निघत नाही. वितळलेला धातू साच्याला सपाट टेकत नाही. साच्याच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतात, धातू त्यांच्या टोकांवर तरंगल्यासारखा बसतो, मधल्या खळग्यांत हवा अडकते. साच्यावर ऑक्साइडची पातळ साय असली तर हिशेब बदलतो. धातू गोठून आक्रसला की सांध्यात फट पडते आणि गुणांक एकदम उतरतो. म्हणून तो मोजावा लागतो, आणि सरळ मोजताही येत नाही. साच्याच्या पोटात थोड्या अंतरावर थर्मोकपल पुरायचा, तिथले तापमान कसे चढत गेले ते नोंदवायचे आणि त्यावरून पृष्ठभागावर काय घडले असेल ते उलट शोधायचे. ओल्या मातीतल्या पावलांवरून चालणाऱ्याचा वेग ओळखण्यासारखे हे काम. मोजणीतली छोटी चूक उत्तरात मोठी होऊन येते. म्हणून या उलट्या गणिताचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले.

धातू मात्र स्वतःही एक नोंद ठेवतो. गोठताना त्यात झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक वाढतात. थंड होण्याचा वेग जितका जास्त, तितक्या त्या फांद्या एकमेकींच्या जवळ. ओत कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली हे अंतर मोजले की वेगाचा अंदाज येतो. इतिहास वाचणाऱ्याला या गोष्टीचा आनंद वाटावा. साक्षीदार कोणी नव्हता, पण दप्तर शिल्लक आहे.

वेग आणखी वाढला की स्टेफान यांचे आणखी एक गृहीत कोसळते. सीमेवरचे तापमान नेहमी गोठणबिंदूइतकेच असते, असे त्यांनी धरले होते. जलद गोठताना सीमा त्याच्या बरीच खाली घसरते, आणि मिश्रणातले जे अणू एरवी द्रवात ढकलले गेले असते ते घनातच अडकतात. १९८६ मध्ये कुर्त्स, जोव्हानोला आणि भारतीय वंशाचे रोहित त्रिवेदी यांनी हे सारे एकत्र धरून जलद वाढणाऱ्या स्फटिकाचे प्रतिमान मांडले. त्यामुळे वेगावरून धातूची सूक्ष्म रचना आधी सांगता येऊ लागली.

दरम्यान संगणक आला होता. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या हेन्झेल आणि केव्हेरियन यांनी पोलादी ओतींचे गोठणे संगणकावर काढले आणि ते प्रत्यक्ष मोजमापांशी जुळवून दाखवले. पुढे आकडेमोड स्वस्त होत गेली. मग बेसेमर यांची कल्पनाही जागी झाली. ऑस्ट्रेलियाची बीएचपी आणि जपानची आयएचआय यांनी दोन रुळांच्या यंत्रावर वर्षानुवर्षे काम केले, आणि २००२ मध्ये अमेरिकेत इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिल इथे न्यूकोरच्या कारखान्यात पोलादाचा पत्रा व्यापारी प्रमाणावर अशा रीतीने निघू लागला. पेटंटपासून १४५ वर्षे. या कामात रुळांच्या पृष्ठभागाचा पोत आणि त्यावर जमणारी ऑक्साइडची साय यांचा बारकाईने अभ्यास करावा लागला. अडले होते ते सांध्यातच.

हा इतिहास मला आज सांगावासा वाटतो, कारण ती संख्या आता आपल्या फाउंड्रीत येऊन बसली आहे. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेल्या ‘ऑटोकास्ट’सारख्या प्रणालींमुळे ओतीचे संगणकीय प्रतिमान छोट्या कारखान्यांच्याही आवाक्यात आले, आणि ते फार मोलाचे झाले. नवा पॅटर्न करून, ओतून, कापून, पोकळी सापडली म्हणून पुन्हा वितळवायचे, यात वीज जाते, कोक जातो, आठवडे जातात. रिजेक्शन दोन टक्के वाढले तरी लहान फाउंड्रीचा नफा संपतो. पडद्यावर आधी पाहिलेले बरेच. पण पडद्यावर एक चौकट असते, ‘धातू आणि साचा यांच्यामधला गुणांक’. तिथे आधीच एक आकडा भरलेला असतो. तो कुठल्या तरी देशातल्या, कुठल्या तरी वाळूवर किंवा डायवर कोणी तरी मोजलेला असतो. बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत.

कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत ऐन पावसाळ्यात मी असेच एक प्रतिमान दाखवत होतो. पडद्यावर ओत निर्दोष दिसत होती. शेजारी उभ्या असलेल्या वयस्क मोल्डरमामांनी वाळूची मूठ वळली, मोडली, बोटांत चोळली आणि म्हणाले, “साहेब, आज वाळूला ओल जास्त हाय. तुमच्या कॉम्प्युटरला ठावं हाय का?” प्रतिमानाला ते ठाऊक असायला वाव होता. ओलीचा आकडा आणि त्याप्रमाणे बदललेला गुणांक भरला असता तर फरक दिसला असता. तो भरायचा तर कोणी तरी ओल मोजायला हवी आणि त्या दिवशी निघालेल्या ओतींशी ती ताडायला हवी. मामा हे ताडून पाहण्याचे काम तीस वर्षे करत आले होते. फक्त वहीत उतरवत नव्हते, आणि त्यांना कोणी तसे सांगितलेही नव्हते.

गणिताने कारागिराचे काम हिरावले, असे म्हणणारे मला भेटतात, आणि गणित म्हणजे कागदी घोडे, असे म्हणणारेही. या दोघांनाही हा इतिहास आधार देत नाही. बर्फाची जाडी मोजणाऱ्या खलाशांशिवाय स्टेफान यांच्या सूत्राला साक्ष मिळाली नसती, आणि सूत्राशिवाय खलाशांचे आकडे रोजनिशीत पडून राहिले असते. जलद ओतकामात तर ही गरज जास्तच आहे. वेग जितका वाढतो तितका हाताला वाव कमी, आणि सांध्याच्या त्या एका संख्येवर भार जास्त. ती संख्या उसनी असेल तर सगळे प्रतिमान उसने.

म्हणून जो काळ आता सरत चालला आहे त्यात एक काम उरकायला हवे. कोल्हापूर, राजकोट, हावडा, बटाला, कोइमतूर या ओतकामाच्या गावांत ओतीच्या दोषांना, वाळूच्या स्पर्शाला, रसाच्या रंगाला तिथल्या भाषेत शब्द आहेत. ते शब्द वापरणारी पिढी निवृत्त होते आहे आणि तिची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या लोकांजवळ थर्मोकपल आणि वही दोन्ही घेऊन बसावे. मामा ‘ओल जास्त’ म्हणतात तेव्हा ती किती टक्के असते, ‘रस मेला’ म्हणतात तेव्हा तापमान किती असते, हे त्यांच्या शब्दांसह त्यांच्या नावानिशी लिहून ठेवावे. मराठीत, गुजरातीत, बंगालीत, पंजाबीत, तमिळमध्ये. खर्च फार नाही. एका रिजेक्ट झालेल्या ओतीच्या किमतीत वर्षभराच्या वह्या येतील.